लीगला कात्री लागते तेव्हा: सुपर रग्बीतून गेलेल्या संघांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पर्थ-मेलबर्नकडे राहणारे मराठी लोक आणि इकडे शनिवारी दुपारी जेवताना मोबाईलवर सामना लावून बसणारे मोजके रग्बीवेडे, दोघेही थोड्याफार फरकाने हेच प्रश्न विचारतात. भरभरून प्रेक्षक असलेला, बरा खेळणारा संघ एका सकाळी रद्द कसा होतो? उत्तरांमध्ये माझी मतंही आहेत. पटली नाहीत तर सोडून द्या, घटना मात्र घडल्या तशाच सांगितल्या आहेत.

हे नेमकं कोणत्या रग्बीबद्दल चाललंय?

पंधरा खेळाडूंच्या रग्बी युनियनबद्दल, आणि मुख्यतः तिच्या सुपर रग्बी या न्यूझीलंड-ऑस्ट्रेलिया-दक्षिण आफ्रिकेने मिळून सुरू केलेल्या स्पर्धेबद्दल. तेरा जणांची रग्बी लीग हा वेगळा खेळ आहे, त्याची संघटना वेगळी, स्पर्धा वेगळी. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर लीगला युनियनपेक्षा कितीतरी जास्त प्रेक्षक आहेत, तर मेलबर्न आणि पर्थमध्ये ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलचं राज्य चालतं. म्हणजे युनियन तिथे दोन्हीकडून चेपलेली आहे. पुढच्या निम्म्या भानगडींचं मूळ हेच.

सुपर रग्बीत अठरा संघ झालेच कसे?

लोभाने. दुसरा शब्द मला सुचत नाही.

१९९५ मध्ये रग्बी युनियनने हौशीपणाची झूल उतरवली आणि त्याच सुमारास रूपर्ट मर्डॉक यांच्या न्यूज कॉर्पने न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका यांच्याशी दहा वर्षांचा सुमारे ५५ कोटी अमेरिकी डॉलरचा प्रक्षेपण करार केला. त्यातून १९९६ मध्ये बारा संघांची स्पर्धा उभी राहिली. ती उत्तम चालली. आटोपशीर होती, प्रत्येक संघ प्रत्येकाशी एकदा खेळायचा, आणि गुणतक्ता शाळकरी पोरालाही कळायचा.

मग प्रत्येक नव्या करारागणिक चॅनेलवाल्यांना जास्त सामने हवे झाले आणि संघटनांना जास्त पैसे. २००६ मध्ये पर्थचा वेस्टर्न फोर्स आणि ब्लूमफाँटेनचा चीताज् आले, संघ चौदा झाले. २०११ मध्ये मेलबर्न रेबेल्स आले, पंधरा झाले. २०१६ मध्ये तर दक्षिण आफ्रिकेचा सदर्न किंग्ज, अर्जेंटिनाचा हाग्वारेस आणि जपानचा सनवुल्व्ज असे तीन एकदम घेऊन आकडा अठरावर नेला. जपानच्या संघाला आफ्रिकेच्या गटात घातलं होतं आणि त्याचे काही घरचे सामने सिंगापूरला व्हायचे. नकाशा समोर ठेवून कुणी बसलं असतं तर हे सुचलं नसतं.

मग कात्री का लावावी लागली?

कारण स्पर्धा कुणाला कळेनाशी झाली आणि परवडेनाशी झाली. चार गट होते आणि प्रत्येक गटविजेत्याला उपांत्यपूर्व सामना घरच्या मैदानावर मिळायचा. २०१७ मध्ये कॅनबेराच्या ब्रम्बीजने पंधरापैकी सहाच सामने जिंकले, तरी ऑस्ट्रेलियन गटात पहिले म्हणून घरचा सामना त्यांना. न्यूझीलंडच्या चीफ्सनी बारा जिंकले, तरी त्यांना विमानाने केपटाउन गाठावं लागलं. (चीफ्स तिथे जाऊनही जिंकले, ते सोडा.) त्याच वर्षी न्यूझीलंडच्या संघांविरुद्ध एकाही ऑस्ट्रेलियन संघाला एकही सामना जिंकता आला नाही.

प्रेक्षक कंटाळले, चॅनेलवाले कुरकुरायला लागले. ९ एप्रिल २०१७ ला स्पर्धा चालवणाऱ्या सान्झारने जाहीर केलं की २०१८ पासून संघ अठराचे पंधरा होतील. दोन दक्षिण आफ्रिकेचे जातील, एक ऑस्ट्रेलियाचा. कोणते, ते त्या त्या देशाने ठरवावं. न्यूझीलंडचे पाचही सुरक्षित, अर्जेंटिना आणि जपानही सुरक्षित.

ऑस्ट्रेलियाने फोर्स आणि रेबेल्स हेच दोन का निवडले?

दुसऱ्याच दिवशी ऑस्ट्रेलियन रग्बी युनियनने सांगितलं की सिडनी, ब्रिस्बेन आणि कॅनबेरा यांना हात लागणार नाही. जायचं आहे ते पर्थ किंवा मेलबर्नपैकी एकाला. अध्यक्ष कॅमेरॉन क्लाइन यांनी निर्णय ४८ ते ७२ तासांत होईल असं सांगितलं.

लागले चार महिने.

त्या चार महिन्यांत काय होतं याचा विचार करा. दोन्ही संघांचा हंगाम चालू आहे. खेळाडू मैदानात उतरतात, पण पुढच्या वर्षी घर कुठे घ्यायचं, मुलांना कोणत्या शाळेत घालायचं हे त्यांना ठाऊक नाही. प्रायोजक सही करायला तयार नाहीत. पुढच्या हंगामाचं सदस्यत्व विकायला बसलेल्या माणसाला कुठला हंगाम विकतोय तेच माहीत नाही. ज्या संघाला वाचवायचं होतं त्यालाही या टांगत्या तलवारीने तितकंच नुकसान पोचवलं.

संघटनेचं म्हणणं साधं होतं: पैसे नाहीत. २०१३ नंतरच्या काळात सुपर रग्बी संघांना ठरलेल्या अनुदानापेक्षा सुमारे २ कोटी ८० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर जास्तीचे द्यावे लागले, तळाच्या क्लबांसाठी काही उरत नाही, असं तिने सांगितलं. तक्रार खोटी नव्हती. फोर्स आणि रेबेल्स दोघांनाही संघटनेने वेळोवेळी उसनवारीवर तगवलं होतं.

पण फोर्सचा खेळ तर रेबेल्सपेक्षा चांगला होता ना?

कितीतरी. २०१७ मध्ये फोर्सने सहा सामने जिंकले आणि ऑस्ट्रेलियन गटात ब्रम्बीजच्या खालोखाल दुसरं स्थान पटकावलं. सिडनीचे वॉराटाज् आणि ब्रिस्बेनचे रेड्स, ज्यांना कुणी हात लावणार नव्हतं, ते दोघेही फोर्सच्या खाली होते. शेवटच्या घरच्या सामन्यात फोर्सने वॉराटाज् ना ४०-११ असं धुतलं. रेबेल्सनी अख्ख्या हंगामात एक सामना जिंकला, एक बरोबरीत सोडवला.

प्रेक्षकांचंही तसंच. पर्थमध्ये दक्षिण आफ्रिका, इंग्लंड, न्यूझीलंड इथून स्थायिक झालेले लोक भरपूर आहेत आणि रग्बी हे त्यांचं घरचं वेड आहे. मैदानावरच्या कामगिरीवर निवड झाली असती तर निकाल लावायला ७२ मिनिटंही पुरली असती.

मग फोर्स का गेला?

कारण त्याला काढणं कायद्याने सोपं होतं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात हे एकच उत्तर खरं आहे, बाकीची कारणं नंतर चिकटवलेली.

२०१६ मध्ये फोर्स आर्थिक अडचणीत आला, तेव्हा राष्ट्रीय संघटनेने त्याला हात दिला. बदल्यात पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या रग्बी संघटनेने, म्हणजे रग्बी डब्ल्यूएने, एका करारावर सही केली आणि संघाचा परवाना व कारभार राष्ट्रीय संघटनेच्या हाती गेला. तेव्हा ती सुटका वाटली. त्या करारात लिहिलं होतं की तो चालू प्रक्षेपण करार संपेपर्यंत लागू राहील. पर्थवाल्यांनी त्याचा अर्थ लावला: २०२० पर्यंत आपण सुरक्षित.

रेबेल्सची गोष्ट उलटी. तो संघ खासगी मालकाकडे होता. मालकाकडून परवाना काढून घ्यायचा तर पैसे मोजावे लागले असते किंवा कोर्टात जावं लागलं असतं. संघटना त्याच्याशी बोलणी करत असतानाच मालकाने तो नाममात्र एका डॉलरला व्हिक्टोरियाच्या राज्य संघटनेला देऊन टाकला. आता तर तो राज्याच्या संघटनेच्या मालकीचा झाला, आणि ती विकायला तयार नाही.

उरला कोण? ज्याने मदत मागितली होती तो.

कोर्टात काय झालं?

रग्बी डब्ल्यूए लवादाकडे गेली. राष्ट्रीय संघटनेचा युक्तिवाद असा: संघ अठराचे पंधरा झाले, म्हणून प्रक्षेपण कराराची नव्याने बोलणी झाली, म्हणजे जुना करार संपला, म्हणजे त्याला जोडलेला आमचा-तुमचा करारही संपला. शब्दावर बोट ठेवून केलेला युक्तिवाद. ११ ऑगस्ट २०१७ ला लवादाने तो उचलून धरला आणि त्याच दिवशी फोर्सला सुपर रग्बीतून काढल्याचं जाहीर झालं. मुख्य कार्यकारी अधिकारी बिल पल्व्हर यांनी त्याच दिवशी आपण पायउतार होणार असल्याचं सांगितलं. फोर्सचं अपील न्यू साउथ वेल्सच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ सप्टेंबरला फेटाळलं.

पुढे ऑस्ट्रेलियाच्या सिनेटच्या समितीने सगळ्या प्रकरणाची चौकशी केली. त्यातून बरीच कागदपत्रं बाहेर आली, बऱ्याच जणांची अडचण झाली. संघ परत आला नाही. चौकशी समित्यांचा हा अनुभव आपल्याला काही नवा नाही.

समर्थकांनी काही केलं नाही का?

केलं. संघाचे भाग समर्थकांना विकून तो लोकांच्या मालकीचा करायची मोहीम निघाली. निळे कपडे घालून हजारो लोक पर्थमध्ये जमले. आणि खाणउद्योगातले अब्जाधीश अँड्र्यू फॉरेस्ट पुढे आले. पैसे मी देतो, संघ ठेवा, असं त्यांचं म्हणणं होतं. संघटनेने निर्णय फिरवला नाही.

पैशांअभावी संघ बंद करतोय म्हणायचं आणि पैसे घेऊन दारात आलेल्या माणसाला परत पाठवायचं, हे पर्थवाल्यांना आजही पचलेलं नाही. संघटनेच्या बाजूने एवढंच म्हणता येईल की सान्झारला पंधरा संघांचा शब्द दिला होता आणि एका धनिकाच्या मर्जीवर स्पर्धेचा आराखडा बांधता येत नाही. दुसरा मुद्दा मला बिनतोड वाटतो. पहिल्याबद्दल तसं वाटत नाही. शब्द देताना पर्थला कुणी विचारलं होतं?

संघ बंद झाल्यावर खेळाडूंचं काय होतं?

नावाजलेल्यांचं भलं होतं, बाकीच्यांची परवड होते. फोर्सचे प्रशिक्षक डेव्ह वेसल्स आणि ॲडम कोलमन, डेन हेलेट-पेटी यांच्यासारखे आंतरराष्ट्रीय खेळाडू कुठे गेले असतील? रेबेल्सकडे. ज्या संघाशी चार महिने जगण्या-मरण्याची झुंज चालली, त्याच संघाच्या जर्सीत. २०१८ चा रेबेल्स बऱ्याच अंशी फोर्सच्याच मालमसाल्यावर उभा होता.

काही जण युरोपात गेले, काही जपानला. तिथल्या क्लबांमागे मोठ्या कंपन्या आहेत आणि पगार वेळेवर होतो. कर्णधार मॅट हॉजसन निवृत्त झाला. पण प्रत्येक व्यावसायिक संघात तीस-पस्तीस खेळाडू असतात आणि त्यांतले निम्मे कधी पेपरात येत नाहीत. बावीस-तेवीस वर्षांचा, दोन-चार सामने खेळलेला, करार संपत आलेला पोरगा. उरलेल्या संघांत त्याच्या जागेवर आधीच तिघे असतात. खेळाडूंबरोबर फिजिओ, विश्लेषक, तिकीट विभागातली माणसं, शाळांमध्ये जाऊन रग्बी शिकवणारे, यांचंही काम जातं. त्यांच्यासाठी हस्तांतराच्या बातम्या कुणी छापत नाही.

दक्षिण आफ्रिकेने काय केलं?

चीताज् आणि किंग्ज यांना काढलं, पण त्यांच्यासाठी दुसरं दार आधी शोधून ठेवलं. ऑगस्ट २०१७ मध्येच हे दोघे युरोपातल्या प्रो-१४ स्पर्धेत दाखल झाले: आयर्लंड, वेल्स, स्कॉटलंड आणि इटलीच्या संघांबरोबर. सोय म्हणून हे बरं होतं. वेळेचा फरक तास-दोन तासांचा, त्यामुळे विमानातून उतरल्यावर झोपेचं खोबरं होत नाही.

चीताज् पहिल्याच हंगामात बाद फेरीत पोचले. किंग्ज मात्र तळाला रुतले आणि २०२० मध्ये त्यांनी गाशा गुंडाळला. पोर्ट एलिझाबेथचा हा संघ ईस्टर्न केपचा होता, म्हणजे कृष्णवर्णीय समाजात रग्बी पिढ्यान् पिढ्या जिथे रुजली त्या प्रांताचा. माकाझोले मापिम्पी २०१७ मध्ये किंग्जकडून सुपर रग्बी खेळला. संघ वगळला गेला, तो आधी चीताज् कडे आणि मग डर्बनच्या शार्क्सकडे गेला आणि २०१९ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात त्याने ट्राय केला, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेऊन टेकवला. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातला दक्षिण आफ्रिकेचा तो पहिलाच ट्राय. अशा खेळाडूंना पहिली संधी देणारा संघ आता नाही.

आणि चीताज् ? २०२० मध्ये बुल्स, लायन्स, शार्क्स, स्टॉर्मर्स हे चार मोठे संघच सुपर रग्बी सोडून युरोपकडे वळले. त्यांना जागा हवी होती, म्हणून चीताज् ना दुसऱ्यांदा बाहेर काढलं. पुढे युरोपच्या चॅलेंज कपमध्ये ते पाहुणे म्हणून खेळले, तेही इटलीतल्या पार्मा शहराला ‘घरचं’ मैदान करून. २०२३ मध्ये त्यांनी देशांतर्गत करी कप जिंकला. घरात पहिला नंबर आणि बाहेर दाराशी उभा, अशी त्यांची गत.

एकदा गेलेला संघ परत येऊ शकतो का?

येऊ शकतो. दोन उदाहरणं आहेत आणि दोन्हींचा रस्ता वेगळा.

जोहान्सबर्गच्या लायन्सना २०१३ मध्ये बाहेर बसवून त्यांची जागा किंग्जना दिली होती. हंगामाअखेर दोघांत दोन सामने झाले, जिंकेल तो आत. लायन्सनी एकूण ४४-४२ अशा निसटत्या फरकाने बाजी मारली. त्यानंतर याच संघाने २०१६, २०१७ आणि २०१८ असे सलग तीन अंतिम सामने गाठले. तिन्ही हरले, पण काही वर्षांपूर्वी नकोसा झालेला संघ कुठवर जाऊ शकतो ते दिसलं. महत्त्वाचं म्हणजे तिथे परतीची वाट मैदानातून होती.

फोर्सला अशी वाट नव्हती, म्हणून फॉरेस्ट यांनी स्वतःची स्पर्धाच काढली. २०१८ मध्ये फोर्स फिजी, टोंगा, सामोआ वगैरेंशी प्रदर्शनीय सामने खेळला. मग ग्लोबल रॅपिड रग्बी नावाची आशिया-प्रशांत स्पर्धा आली. तीत पस्तीस मिनिटांचे डाव होते आणि स्वतःच्या बावीस मीटरच्या आतून सुरू झालेल्या ट्रायला नऊ गुण. २०२० मध्ये ती खऱ्या अर्थाने सुरू झाली आणि एक फेरी होते न होते तोच कोविड आला. खेळ खलास.

पण त्याच कोविडने फोर्सला परत आणलं. सीमा बंद झाल्या, सुपर रग्बी थांबली, ऑस्ट्रेलियाला देशातल्या देशात स्पर्धा भरवायची होती आणि असलेले चारच संघ पुरत नव्हते. पर्थला फोन गेला. २०२० च्या त्या स्पर्धेत फोर्सने एकही सामना जिंकला नाही, २०२१ मध्ये ते बाद फेरीत गेले, आणि २०२२ पासून सुपर रग्बी पॅसिफिक या स्पर्धेच्या नव्या रूपात नियमित खेळू लागले. ज्यांनी हाकललं त्यांनीच बोलावलं. फॉरेस्ट यांनी मधली तीन वर्षं पगार चालू ठेवले नसते तर बोलवायला कुणी शिल्लक नसतं.

म्हणजे रेबेल्स तरी वाचले?

सहा वर्षं. जानेवारी २०२४ मध्ये कंपनीवर प्रशासक नेमावे लागले. देणी २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर निघाली आणि त्यातला मोठा हिस्सा करखात्याचा होता. राष्ट्रीय संघटनेने, जिचं नाव आता रग्बी ऑस्ट्रेलिया आहे, तेवढा हंगाम पदरचे पैसे घालून पूर्ण करू दिला. ३० मे २०२४ ला तिने जाहीर केलं की २०२५ मध्ये रेबेल्स नसतील.

गंमत म्हणा की क्रूरपणा, याच हंगामात रेबेल्सनी सगळ्या देशांच्या एकत्रित सुपर रग्बीत पहिल्यांदा बाद फेरी गाठली. म्हणजे बरखास्तीची बातमी आधी आली आणि इतिहासातला सर्वांत मोठा सामना नंतर खेळायचा होता. वेलिंग्टनला हरिकेन्सनी त्यांना हरवलं आणि कारभार आटोपला. खेळाडूंपैकी तानिएला टूपो आणि अँड्र्यू केलावे सिडनीला गेले. कार्टर गॉर्डन तर रग्बी लीगमध्ये गोल्ड कोस्टकडे गेला.

मेलबर्नच्या पश्चिमेला संघ हलवायची काय योजना होती?

आपल्या लोकांना यात रस असतो, कारण त्यात टार्निटचं नाव आलं होतं. मेलबर्नच्या पश्चिम टोकाचं हे उपनगर भारतीय वस्तीसाठी ओळखलं जातं आणि आसपास पॅसिफिक बेटांवरून आलेली, रग्बी रक्तात असलेली कुटुंबंही पुष्कळ आहेत. क्वांटस विमान कंपनीचे माजी अध्यक्ष ली क्लिफर्ड यांच्या पुढाकाराने काही गुंतवणूकदारांनी प्रस्ताव दिला: शहरातलं महागडं मैदान सोडू, टार्निटला जाऊ, पैसे आम्ही घालतो. देणेकऱ्यांनी रेबेल्सच्या बाजूच्या तडजोडीला मत दिलं. रग्बी ऑस्ट्रेलियाने मात्र हिशेब विश्वासार्ह नाही म्हणून प्रस्ताव नाकारला आणि प्रकरण वकिलांकडे गेलं.

२०१७ च्या मानाने इथे मी संघटनेला जास्त झुकतं माप देईन. कर थकवलेली कंपनी, सतत बदललेले मालक आणि तेरा वर्षांत न जमलेला प्रेक्षकवर्ग. तरीही पन्नास लाखांच्या शहरात, जिथे पॅसिफिक वंशाची मुलं शेकड्यांनी रग्बी खेळतात, तिथे एकही व्यावसायिक युनियन संघ नसावा हे विचित्रच. या मुलांना आता रग्बी लीगचा मेलबर्न स्टॉर्म खुणावतो. जुलै २०२५ मध्ये ब्रिटिश अँड आयरिश लायन्स या ब्रिटन-आयर्लंडच्या एकत्रित पाहुण्या संघाचा (जोहान्सबर्गचे लायन्स वेगळे) कसोटी सामना बघायला याच मेलबर्नमध्ये ९०,३०७ लोक आले होते. दौऱ्यात रेबेल्सशी ठरलेला सामना फर्स्ट नेशन्स (ऑस्ट्रेलियाचे मूळ रहिवासी) आणि पॅसिफिका (पॅसिफिक बेटांच्या वंशाचे) खेळाडूंच्या निवडक संघाला द्यावा लागला.

संघ कमी केल्याने उरलेले तरी मजबूत होतात का?

कात्री लावणारे नेहमी हेच सांगतात: गुणवत्ता पाच ठिकाणी विखुरली आहे, चार ठिकाणी आणली की दर्जा वाढेल. फोर्सला काढल्यानंतर ऑस्ट्रेलियाचं काय झालं ते बघू. २०१९ च्या विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरीत इंग्लंडकडून ४०-१६ असा पराभव. २०२३ मध्ये तर फिजी आणि वेल्सकडून हरून इतिहासात पहिल्यांदा साखळीतच गाशा गुंडाळला. तोवर फोर्स परत आला होता हे खरं. एकत्रित सुपर रग्बीचं विजेतेपद ऑस्ट्रेलियन संघाने शेवटचं २०१४ मध्ये जिंकलं, म्हणजे पाच संघ असताना.

रेबेल्स गेल्यानंतर २०२५ मध्ये राष्ट्रीय संघाने ब्रिटिश अँड आयरिश लायन्सविरुद्ध एक कसोटी जिंकली, जोहान्सबर्गला जाऊन दक्षिण आफ्रिकेला ३८-२२ असं हरवलं आणि मग नोव्हेंबरच्या युरोप दौऱ्यावर सगळे सामने गमावले. यातून कुणी काही सिद्ध करू पाहील तर त्याला शुभेच्छा.

जपानचं उदाहरण जास्त बोलकं आहे. मार्च २०१९ मध्ये सान्झारने सनवुल्व्जना २०२० नंतर बाहेर काढायचं ठरवलं. स्पर्धेत राहायचं तर दरवर्षी मोठी रक्कम भरा ही अट जपानच्या संघटनेला मान्य नव्हती. सहा महिन्यांनी जपानमध्येच विश्वचषक झाला, जपानने आयर्लंड आणि स्कॉटलंडला हरवलं, पहिल्यांदा उपांत्यपूर्व फेरी गाठली आणि सारा देश रग्बीमय झाला. आशियातल्या सर्वांत श्रीमंत रग्बी बाजारपेठेचं दार सान्झारने नेमकं उघडायच्या वेळी लावून घेतलं होतं.

हे पुण्याच्या आयपीएल संघांसारखंच झालं का?

थोडंफार. पुणे वॉरियर्स २०११ ते २०१३ खेळला. सहाराने तो ३७ कोटी डॉलरला घेतला होता, शुल्कावरून क्रिकेट मंडळाशी वाद झाला, बँक हमी आली नाही आणि करार रद्द झाला. रायझिंग पुणे तर मुळातच चेन्नई-राजस्थानच्या बंदीपुरता दोन वर्षांचा होता. २०१७ चा अंतिम सामना एका धावेने हरला आणि मिटला.

फरक असा की आयपीएलमध्ये पुण्याचे खेळाडू पुढच्या लिलावात उभे राहिले आणि महाराष्ट्राचं रणजी क्रिकेट होतं तिथेच राहिलं. पर्थमध्ये फोर्स हाच राज्याचा रणजी संघ होता आणि तोच आयपीएल संघ होता.

आपल्या रग्बी प्रीमियर लीगला हा धोका आहे का?

जून २०२५ मध्ये मुंबईत अंधेरीच्या क्रीडासंकुलात सहा संघांची पहिली स्पर्धा झाली, चेन्नई बुल्स जिंकले. हे सात खेळाडूंचं रग्बी आहे, एकाच मैदानावर, पंधरा दिवसांत संपणारं. खर्च मर्यादित, विमानं कमी, आणि मैदान भरलं नाही म्हणून एखाद्या शहराचा संघ डबघाईला येईल असं नाही, कारण घरचं मैदान ही गोष्टच अजून नाही. कात्रीची वेळ संघ आपापल्या शहरात खेळायला लागल्यावर येते. तिथवर पोचलो तरी पुष्कळ झालं.

इंग्लंडमध्येही संघ बुडाले ना?

वूस्टर आणि वॉस्प्स २०२२ मध्ये, लंडन आयरिश २०२३ मध्ये. पण ते लीगने कापले नाहीत, कर्जाने बुडाले. वूस्टर २०२५ मध्ये दुसऱ्या श्रेणीत परतला.

सध्या टांगती तलवार कोणावर आहे?

वेल्सवर. तिथे २००३ मध्ये क्लबांची मोट बांधून पाच विभागीय संघ केले होते आणि वर्षभरातच त्यातला केल्टिक वॉरियर्स मोडीत काढला. तो पॉन्टीप्रिड आणि ब्रिजेंड या रग्बीवेड्या दऱ्याखोऱ्यांचा संघ. उरले चार: कार्डिफ, स्कार्लेट्स, ऑस्प्रीज आणि ड्रॅगन्स. एप्रिल २०२५ मध्ये कार्डिफ डबघाईला आला आणि वेल्श रग्बी युनियनने तो ताब्यात घेतला. आधी दोनच संघ ठेवायचा प्रस्ताव आला, ओरड झाली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये युनियनने तीनचा आकडा पक्का केला: एक राजधानीत, एक पूर्वेला, एक पश्चिमेला.

पश्चिमेला दोन संघ आहेत. लानेलीचा स्कार्लेट्स आणि स्वान्सीचा ऑस्प्रीज. दोन्ही गावांत अंतर जेमतेम वीस किलोमीटर आणि वैर शंभर वर्षांहून जुनं. दोघांनी मे २०२५ पर्यंत युनियनच्या नव्या करारावर सही केली नव्हती, आणि युनियनने जुना करार संपवायची दोन वर्षांची नोटीस दिली. या बातम्या वाचताना गुणतक्ता बाजूला ठेवा. परवाना कुणाच्या नावावर आहे, युनियनचं कुणावर किती कर्ज आहे आणि नोटिशीची मुदत कधी संपते, हे कुठे छापलेलं दिसलं तर ते आधी वाचा.